विहीणबाईंची चॉकलेटची भुतं

माझ्या विहीणबाईंच्या तोंडून 'नाही' हा शब्द आजवर कोणी ऐकलेला नाही, आणि नुसतं 'व्हय' म्हणून त्यांनी जेवढी माणसं हरवली आहेत तेवढी भांडून हरवायला दुसऱ्या कोणाला दोन जन्म लागले असते. त्या हरलेल्या माणसांत पहिला नंबर माझा. मी भोरच्या एसटी स्टँडवर टोपलीतून गोळ्या-बिस्किटं विकायला सुरुवात केली आणि आज बाजारपेठेत माझं घाऊक दुकान आहे. मधल्या तीस वर्षांत कंपन्यांचे एजंट, टेम्पोवाले, गाळ्याचे मालक, सगळ्यांशी मी भाव केला आणि एकालाही माझ्यासमोरून मिशीवर ताव देत जाऊ दिलं नाही. पण मुलीच्या लग्नाच्या बैठकीत या बाईंनी मला असं चितपट केलं की अजून पाठीची माती झटकते आहे. मी म्हटलं होतं, मानपान नको, देणंघेणं नको, माझी एकच अट. अश्विनी माझ्या दुकानाचा उजवा हात आहे, तेव्हा लग्नानंतरही आठवड्यातले तीन दिवस ती भोरला दुकानात येणार. चार तास वाद चालेल अशा तयारीने मी पदर खोचून बसले होते. विहीणबाईंनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं आणि म्हणाल्या, "व्हय, यील की." बैठक संपली. सगळे पोहे खायला लागले. मला तेव्हाच शंका यायला हवी होती, कारण जो माल पहिल्या बोलीत मिळतो त्यात खोट असतेच. लग्नाला सहा महिने झाले तरी अश्विनी दुकानात दिसेना, तेव्हा मी पालीला जाऊन जाब विचारला. विहीणबाई भाताची रोपं लावत होत्या. कंबर सरळ न करताच म्हणाल्या, "म्या व्हय म्हणले व्हते, विहीणबाई. पर कवापास्नं, ते तुमी कुठं इचारलं?" माल ठरवला, अट ठरवली आणि तारीख ठरवायची राहिली. दुकानात कालपरवा कामाला लागलेलं माणूससुद्धा ही चूक करत नाही.

पाली हे राजगडाच्या पायथ्याचं गाव. शनिवार-रविवारी गडावर चढणाऱ्यांची रीघ लागते, आणि ती रीघ विहीणबाईंच्या अंगणातून जाते. किल्ल्यावरून उतरलेली माणसं जे जे विसरून जातात ते ते त्यांच्या अंगावर असतं. पायात कोणा पुणेकराचे बूट, डोक्याला कोणाची लोकरीची टोपी, आणि म्हशीची धार काढताना कपाळावर बॅटरीचा पट्टा. चोरी म्हणाल तर मुळीच नाही. वस्तू वर्षभर जपून ठेवायची असा त्यांचा नियम आहे आणि वापरात नसली की वस्तू खराब होते असंही त्यांचं मत आहे, म्हणून त्या ती वापरून जपतात. एकदा एक तरुण आपले बूट मागायला खरोखरच परत आला, तेव्हा त्यांनी चिखलणी अर्धी सोडून बांधावर बसून बूट काढले, धुतले, उन्हात वाळवले, तोवर त्याला जेवायला घातलं आणि वर बजावलं की डावा बूट जरा चावतो, मोठ्या मापाचा घे. वजन, माप, घड्याळ यांच्याशी त्यांचं जमत नाही. पीठ ओंजळीने, मीठ चिमटीने, आणि वेळ गडाच्या माचीवरून उतरणाऱ्या उन्हाने. माझ्या जावयाने त्यांना वजनकाटा आणून दिला, त्यावर आता मांजर झोपतं.

गावातल्या भुतांशी मात्र त्यांचे संबंध अगदी शेजारधर्माचे आहेत. ओढ्यापलीकडच्या पिंपळावर मुंजा आहे, तो लाजाळू. मळवीच्या वाटेला चकवा आहे, तो माणसाला गोल गोल फिरवतो, पण स्वभावाने वाईट नाही, एकटा पडलाय म्हणून करतो. एकदा तिन्हीसांजेला त्याने विहीणबाईंनाच गाठलं. डोक्यावर गवताचा भारा घेऊन त्या एकाच आंब्याखालून तिसऱ्यांदा गेल्या, तेव्हा त्यांनी भारा खाली टाकला, त्यावर बसल्या आणि चकव्याला त्याच्या आईबापापासून सुरुवात करून असं झापलं की अर्ध्या तासात त्यांना घरचा दिवा दिसायला लागला. हे त्या स्वतः सांगतात. मी एकदा विचारलं, अंधारात घाबरला नाहीत का, तर म्हणाल्या, "त्येला का घाबरायचं? त्यो गावातलाच हाय." आणि घरात काहीही गोडधोड झालं की पहिला वाटा शिवेवरच्या म्हसोबाच्या दगडापुढे जातो, कारण गावाबाहेरची सगळी मंडळी त्याच्या ताब्यात आहेत. तो वाटा देऊन होईपर्यंत घरात कोणी चव घ्यायची नाही.

अशा घरात माझी मुलगी नांदते. नुसती नांदत नाही, सासू-सुनेने मिळून गोठ्याशेजारच्या दोन खोल्या सारवून-रंगवून ट्रेकवाल्यांच्या मुक्कामासाठी तयार केल्या आणि जेवणाची सोय सुरू केली. विहीणबाई कोणत्याही गिऱ्हाइकाला कशालाही व्हय म्हणतात. एकाने पिझ्झा मागितला. व्हय. तांदळाची जाड भाकरी, वर टोमॅटोची चटणी, त्यावर चीज आणि तव्यावर परातीचं झाकण ठेवून वर निखारे. त्या मुलाने दोन खाल्ले आणि तिसरा बांधून नेला. अश्विनीने मला हे फोनवर हसत हसत सांगितलं आणि मी पलीकडे दात खात बसले, कारण जी मुलगी एजंटच्या तोंडून शेवटचा पैसा काढायची ती आता भाकरीवर चीज किसत होती.

गेल्या दिवाळीच्या आधी पुण्याच्या एक बाई तिथे मुक्कामाला येऊन गेल्या. शाळकरी मुलांना डोंगर दाखवायला नेणं हे त्यांचं काम. त्यांनी विचारलं, ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी वीस मुलं आणते, संध्याकाळी अंगणात भुतांची पार्टी करू. मुलं तोंडं रंगवतील, भोपळे कोरतील, आणि खायला चॉकलेटची भुतं हवीत. जमेल का? अगदी सोपं आहे, भट्टी लागत नाही, चॉकलेट वितळवायचं आणि आकार द्यायचा. मोबाईलवर त्यांनी चित्र दाखवलं. विहीणबाईंनी ते लांब धरून, जवळ धरून पाहिलं. म्हणाल्या, "ही भुतं न्हाईत. ह्ये उशीचे अभ्रे हायत." मग म्हणाल्या, "व्हय, करू की."

त्या रात्री अश्विनीचा फोन आला. नेहमीसारखी हसत नव्हती. म्हणाली, बाई म्हणतात, हे नीट झालं तर थंडीभर दर महिन्याला मुलं आणीन. पावसाळ्यात इथे कोणी फिरकत नाही, आई, नुसत्या शनिवार-रविवारवर हे चालत नाही. हा गट मिळाला तर मी इथे उभी राहीन. नाही मिळाला तर खोल्या बंद करते आणि दुकानात येते. मी गादीवर ताठ बसले. विचारलं, कधीपासून? ती म्हणाली, संक्रांतीपासून. या वेळी मी तारीख घेतली होती.

आता खरं सांगते. तो महिनाभर मी देवापुढे हात जोडताना काय मागितलं ते मला आठवतं, आणि ते काही चांगलं नव्हतं. माल मात्र मी पहिल्या प्रतीचा पाठवला. काळ्या चॉकलेटचे आठ स्लॅब, पांढऱ्याचे दोन, बिस्किटांचे पुडे, खोबऱ्याचा कीस. माझं राजकारण वेगळं आणि माझा माल वेगळा. शनिवारी सकाळी मी दुकान उघडून अगरबत्ती लावते आहे तोच विहीणबाईंचा फोन आला. रामराम नाही, बरं आहे का नाही. "विहीणबाई, तुमचं चाकलेट नासकं निघालं."

माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. तीस वर्षांत माझ्या मालाला नासका म्हणणारा माणूस भोरमध्ये जन्मला नव्हता. दुकानात गप्प बसून राहिले असते तर मला हवं ते आपोआप झालं असतं, हे मला चेलाडी फाटा गेल्यावर सुचलं. तोपर्यंत मी टेम्पोत बसले होते, मांडीवर दुकानातले उरलेले चार स्लॅब होते आणि ड्रायव्हरला मी सांगत होते की मार्गासनीला चहाला थांबलास तर उतरून स्वतः चालवीन.

पालीला पोहोचले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. दोन्ही बाजूंना भात कापून पसरलेला होता. विहीणबाई चुलीपुढे पाटावर बसल्या होत्या, डोक्यावर ती लोकरीची टोपी, आणि समोरच्या पातेल्यात आठही स्लॅबचा मिळून एक करडा, खरखरीत, ओल्या वाळूसारखा गोळा. अश्विनी खांबाला टेकून उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. डोळे लाल होते. मुलं चारला येणार होती.

मी गोळा चिमटीत घेतला, वास घेतला, कागदावरची तारीख पाहिली आणि म्हटलं, माल सोन्यासारखा आहे, तुम्ही जाळला असणार. विहीणबाई म्हणाल्या की जाळायला आपण काही पोरवयातली नवी सून नाही, गरम पाण्यावर पातेलं ठेवूनच वितळवलं, सुनेनं मोबाईलमध्ये वाचलं तसं. वितळलं तेव्हा तूप झालं होतं. हात लावला आणि नासलं. "आपसूक नासतंय म्हंजी माल नासका." मी म्हटलं, सरका. पातेलं पुसून कोरडं केलं, माझे दोन स्लॅब फोडून टाकले आणि गरम पाण्यावर ठेवून ढवळत बसले. पाच मिनिटांत काळंभोर, चकचकीत, आरशासारखं चॉकलेट. मी पातेलं त्यांच्या नाकापुढे धरलं. त्यांनी बघितलं, मान डोलावली, बाजूच्या तांब्यात हात बुडवला आणि तो निथळता हात आकार द्यायला पातेल्यात घातला. माझ्या डोळ्यांदेखत ते आरशासारखं चॉकलेट थिजलं, खरबरीत झालं आणि गोळा होऊन बसलं.

हे भातखाचराचं खोरं आहे. इथे तांदळाची भाकरी थापायची तर हात ओला, उकड मळायची तर हात ओला, लाडू, मुटके, सगळ्याला हात ओला. कोरडा हात पिठाला लावणारी बाई इथे गबाळी समजली जाते. चाळीस वर्षं विहीणबाईंचा हात अन्नाकडे जाण्याआधी तांब्याकडे गेलेला आहे आणि तो तिकडे जातो हे त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हतं. आणि चॉकलेटला पाण्याचा थेंब चालत नाही, हे मला ठाऊक होतं. कारण पहिल्याच पावसाळ्यात टोपलीतला माल भिजून मला उपाशी बसवून गेला होता.

माझ्याकडे दोन स्लॅब उरले होते. त्या क्षणी मी गप्प बसले असते तर तेही तसेच नासले असते, मुलं आली असती, बाई नाराज होऊन गेल्या असत्या आणि संक्रांतीला माझी मुलगी दुकानाच्या गादीवर असती. ठरलेल्या तारखेला. मी अश्विनीकडे पाहिलं. तिने खांबाला टेकवलेलं डोकं उचललं नव्हतं, नुसते ओठ दाबून धरले होते. लहानपणी स्टँडवर टोपलीशेजारी बसून संध्याकाळपर्यंत काही विकलं गेलं नाही की ती तशीच बसायची. तेव्हाही मी तिला माझं रडणं दिसू दिलं नव्हतं आणि तिनेही तिचं दाखवलं नव्हतं.

"हात पुसा, विहीणबाई," मी म्हटलं. "माझा माल चांगला आहे. तुमचा हात ओला आहे."

मला वाटलं आता जुंपणार. विहीणबाईंनी आपला तळहात उलटा-सुलटा करून पाहिला, तांब्याकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "व्हय." एवढंच. त्यांच्या व्हयवर माझा विश्वास नव्हता, पण हा वेगळा होता. मग त्यांनी ते दोन्ही नासलेले गोळे पुढे ओढले. मी म्हटलं, टाकून द्या, दोन स्लॅबमध्ये जेवढं होईल तेवढं करू. अश्विनीही म्हणाली, दहा मुलांना तरी पुरेल. विहीणबाईंनी आमच्या दोघींकडे अशा नजरेने पाहिलं की जणू आम्ही म्हैस विकायला काढली होती. अन्न टाकायचं नाही. पाण्यानं रुसलंय ना? "वाईच पानी मिळालं म्हून चिडलंय. पोटभर द्या त्येला." आणि चुलीवरचं उकळतं दूध त्यांनी पळीपळीने त्या गोळ्यात ओतायला सुरुवात केली. मी ओरडणार होते. पण तीस वर्षं मिठाईवाल्यांना माल विकून मला जे कळलं नव्हतं ते समोर घडायला लागलं. गोळा सैल झाला, ढवळता ढवळता मऊ झाला, आणि दाट बासुंदीसारखा चमकायला लागला.

पुढचे तीन तास आम्ही तिघींनी मान वर केली नाही. अश्विनीने पाट्यावर बिस्किटं भरडली, त्यात खोबरं घातलं, तूप घातलं, आणि ते सगळं चॉकलेटमध्ये मळून कणकेसारखा गोळा केला. आता ओला हात चालत होता. विहीणबाईंनी बाह्या मागे सारल्या आणि भुतं घडवायला बसल्या. अभ्रे त्यांनी केलेच नाहीत. हडळीचे पाय उलटे. मुंजाला शेंडी आणि कानावर जानवं. खवीस आडवा-तिडवा, त्याला दात म्हणून शेंगदाण्याच्या पाकळ्या. चकवा कसा करायचा यावर जरा अडलं, कारण त्याला कोणी पाहिलेलं नाही, मग त्यांनी सुरळी करून गोल वेटोळं घातलं, ज्याला सुरुवात नाही आणि शेवट नाही. पांढरं चॉकलेट माझ्याकडे आलं, कोरड्या हाताची म्हणून. काडीच्या टोकाने मी शंभरावर डोळे काढले. एका हडळीचे डोळे जरा तिरळे झाले तर विहीणबाई म्हणाल्या, ही तुमच्यावर गेली. लाईट गेलेली होती, फ्रीज बंद, तेव्हा आम्ही विहिरीचं गार पाणी घमेल्यांत भरलं, त्यावर परातींतून भुतं तरंगत ठेवली आणि वर ओला पंचा टाकला. थिजली. मला एक चाखून बघायचं होतं, माझा माल होता तो. विहीणबाईंनी माझ्या हातावर चापट मारली. पहिली पाच भुतं पानावर घेऊन त्या शिवेवर निघून गेल्या, आणि मुलांच्या गाडीचा हॉर्न वाजला तरी त्या परत येईपर्यंत कोणी परातीला हात लावला नाही.

दिवेलागणीला अंगणात वीस मुलं तोंडाला राख आणि कुंकू फासून बसली. पुण्याच्या बाईंनी परातीत पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. हे चित्रातल्यासारखं नाही, असं त्या हळूच म्हणाल्या. अश्विनीने माझा हात धरला. तेवढ्यात विहीणबाई परात घेऊन मधोमध उकिडव्या बसल्या आणि एकेका मुलाच्या हातावर एकेक भूत ठेवताना त्याचं नाव, गाव आणि खोड सांगायला लागल्या. हा मुंजा, ओढ्यापल्याड एकलाच राहतो, ह्येला दम देऊ नका, लाजतो. ही हडळ, ही मागनं यिती म्हून पाय उलटे. पोरं श्वास रोखून ऐकत होती. एका मुलीने मुंजाला खायचं नाकारलं, त्याला आईवडील नाहीत म्हणून. चकवा खाताना सुरुवात कुठून करायची यावर दोघांचं भांडण झालं. तासाभरात सगळ्या गावचं भूतखातं त्या पोरांच्या पोटात गेलं, आणि बाई मोबाईल बाजूला ठेवून स्वतःच विचारत होत्या, खविसाची बायको असते का.

शेवटी एका पोराने विचारलं, आजी, चॉकलेट कुठलं आहे? विहीणबाईंनी माझ्याकडे बोट केलं. "ह्या माझ्या विहीणबाई. भोरात ह्यांच्यासारखा माल कुणाकडं न्हाई. आन ह्यांची लेक माझ्याकडं हाय." एवढं बोलून त्या परात घासायला उठल्या. क्षमा मागणं त्यांच्या घराण्यात नाही. मला वाटतं, ती हीच होती.

निघताना अश्विनी टेम्पोपर्यंत आली. बाईंनी डिसेंबरचा शनिवार तिथेच पक्का केला होता. ती काहीतरी बोलायला गेली, संक्रांतीचं म्हणून. मी म्हटलं, संक्रांतीला तिळगुळाला ये, जेवून जा. तिने मान हलवली आणि टेम्पोच्या दारावर हात ठेवून उभी राहिली. ड्रायव्हरने दोनदा गाडी सुरू केली तरी मी त्याला दोनदा थांब म्हटलं, उगाच.

आता दर महिन्याला तिचा फोन येतो, मालासाठी. आणि भाव करते, माझ्याशी, मी शिकवलेल्या सगळ्या युक्त्या वापरून. दुसऱ्या दुकानाचा दर सांगते, जास्त माल घेते म्हणते, नको मग राहू दे म्हणून गप्प बसते. मी तिला तसूभर सोडत नाही. कारण भाव ठरला की फोन ठेवायचा असतो. मागच्या वेळी ती बिचारी दमली आणि बरं आई, तुझ्या भावाने घेते, असं म्हणायच्या बेतात होती, तोच तिच्या मागून विहीणबाईंचा आवाज आला, बहुधा चुलीजवळून, आमच्या दोघींनाही ऐकू जाईल असा. "अगं, एवढ्यात व्हय म्हनू नगंस. बोलू दी त्यास्नी आनखी थोडं."